दुसऱ्या घरची देवी

देव उजळायला घेऊन आलेला माणूस आमच्या दुकानाच्या पायरीवर थबकतोच. हातात लाल फडक्याचं गाठोडं, छातीशी धरलेलं, दवाखान्यात तान्हं पोर आणावं तसं. काउंटरवर ठेवताना विचारतो, "किती दिवस?" मी म्हणते, "चार." मग तो न चुकता विचारतो, "आणि तोवर?"

या 'तोवर'चं उत्तर द्यायला पहिलं वर्षभर माझी जीभ रेटत नव्हती. आता सांगते. देव काढले त्या जागी एक सुपारी ठेवा. तिलाच हळदकुंकू वाहा. देव घरी आले की सुपारी नदीत सोडा. तोवर सुपारी हाच देव. आणि आमच्याकडे आहेत ते? ते तोवर नुसती चांदी. असं म्हटल्याशिवाय देवाच्या तोंडावर ब्रश चालवताच येत नाही.

पण भर दुपारी गिऱ्हाईक नसताना, फळीवर ओळीने वीस-पंचवीस देव भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात, तेव्हा ते नुसती चांदी आहेत असं मला एकदाही वाटलं नाही. घरातून उचलून आणलेल्या माणसांसारखे गप्प असतात. बोलणं चाललेल्या खोलीत आपण शिरावं आणि सगळे एकदम गप्प व्हावेत, तशी ती शांतता असते.

मी भंडाऱ्याकडची. बाप पितळेच्या कारखान्यात लोटे घासायचा, त्यामुळे धातूचा वास मला आईच्या पदराइतका ओळखीचा. सहावीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन नाशकात आले. आमचे हे सराफ बाजाराच्या मागच्या बोळात देव उजळायचं काम करायचे. वीस वर्षं एकाच पेढीवर. मी घरून रिठे फोडून द्यायची, कधी ब्रश मारायला जाऊन बसायची, असं करत हात बसला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. माहेर म्हणाल तर एक दिवस एक रात्रीच्या अंतरावर, आणि तिथंही आता भावजयीचं राज्य. पेढीच्या मालकांनी, नानांनी, निरोप धाडला, "वहिनी, त्यांची जागा रिकामी आहे. या." मी गेले. त्या दोन शब्दांवर आजवर जेवते आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात नानांचा काही दोष नाही. सगळा माझा आहे.

बाहेरच्यांना काम थोडं समजावते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव, तळहाताहून लहान. खंडोबा, देवी, घरातला कोणी वीर. मागून लाख भरलेली, खाली उभं राहायला बारीक बैठक. पिढ्यान्‌पिढ्या रोज पुसून आणि गंध लावून आधी नाक जातं, मग ओठ, शेवटी डोळे. काही टाक अंड्यासारखे गुळगुळीत होऊन येतात. मग लोक म्हणतात, "तोंड उठवून द्या." टाक राळेच्या पाटावर बसवायचा आणि बारीक छिन्नीने नाक-डोळे पुन्हा काढायचे. डोळे सगळ्यांत शेवटी. आमच्या पेढीची रीत अशी, की डोळा टिपून झाला की लगेच समोर पाण्याची वाटी धरायची. देवाने पहिल्यांदा पाणी बघावं, आपल्याला नाही. आमचे हे म्हणायचे, "पहिली नजर आपल्याला झेपत नाही." मी हसायची. त्यांच्या जागी बसल्यावर हसू गेलं. वाटी धरली की पाण्यावर बारीक शहारा येतो. हात हलत असेल माझा. हलतोच.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक बौद्ध ताई पितळी बुद्धमूर्ती घेऊन येतात, दरवर्षी बजावतात, "सुपारी-बिपारी आमच्यात नाही हं. फक्त घासायची." मला त्या फार आवडतात, त्यांच्या मूर्तीचं मला दडपण येत नाही. एक आजोबा देव जेवणाच्या डब्यात आणतात, खालच्या पुडात खंडोबा, वरच्या पुडात पोळी-भाजी. आणि काही जण मला बघून मागे सरकतात. माझ्या कपाळाकडे बघतात. नानांनी त्यांच्यासाठी उत्तर तयार ठेवलंय, "आमच्याकडे देव वहिनीच उजळतात. नको असेल तर पुढच्या गल्लीत मशीन आहे. पाच मिनिटांत घासून देतात, नाकासकट."

ज्या दिवशी माझ्या हातून चूक झाली त्या दिवशी असाच एक जण आला होता, आणि नाना जेवायला गेले होते.

नवरात्र तोंडावर आलेलं. सकाळी चांदवडहून सरूबाई नावाच्या म्हातारबाई येऊन गेल्या होत्या. सत्तरीच्या, वाळक्या, पण आवाज खणखणीत. त्यांचा एकच टाक, देवीचा, तोंड पार गुळगुळीत. म्हणाल्या, "हे बघ बाई, नुस्ती उजळायची. तोंडाला हात लावायचा नाय."

"डोळे तरी टिपू का मावशी? काहीच उरलं नाही."

"कसं उरलं नाय? माझ्या लेकीची बोटं हायेत त्यात. बारकी असल्यापासनं रोज अंघोळ झाली का हिच्या तोंडावरनं बोट फिरवायची. एकदा आपटली बी, मागं डाख दिलाय बघ." त्यांनी टाक उलटा करून चीर सांधलेला काळपट डाख दाखवला. "लेक गेली. बाळंतपणात गेली, पोरासकट. आता माझं बोट फिरतंय. तोंड नको उठवू."

त्याच दिवशी सिडकोतल्या वैशालीताईंचा टाकही आला. त्या एका शाळेत क्लार्क आहेत. त्यांचीही देवी, तेवढीच, तशीच गुळगुळीत. त्यांना मात्र तोंड उठवून हवं होतं. "सासूबाईंना दिसत नाही हो, त्यांना हाताने तरी नाक लागलं पाहिजे."

गाठोड्याला आम्ही रंगीत दोरा बांधतो आणि तसाच दोरा टाकाला. टाक तापवताना दोरा काढावा लागतो, तेव्हा प्रत्येक टाक आपापल्या वाटीत, दोरा वाटीला. मी दोन्ही वाट्या घेऊन बसले होते. तेवढ्यात तो माणूस आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "देवाला शिवायला घरात दुसरं कोणी नाही का?" तो गेला. मी डोळे पुसायला आत गेले, बाहेर आले, दोन्ही टाक तापवायला घेतले. परत वाटीत ठेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघून ठेवले, पाठीकडे नाही. आणि तोंडं तर दोघींनाही नव्हती.

सरूबाईंच्या देवीला मी नाक काढलं, ओठ काढले, डोळे टिपले. पाण्याची वाटी धरली. चांगलं तोंड झालं होतं. ह्यांना दादा म्हणणारे नाना म्हणाले, "वहिनी, दादाचा हात आला तुमच्यात." ती देवी सिडकोत गेली. सिडकोची देवी, नुसती उजळलेली, चांदवडला गेली. मला काही कळलं नाही.

दिवाळीनंतर वैशालीताई आल्या. पर्समधून फडकं काढलं.

"ताई, हिची बैठक बघता का जरा? फिरते."

"फिरते म्हणजे?"

"सकाळी पूजा करताना मी सरळ ठेवते. दुपारी शाळेतून येऊन बघते तर तोंड दाराकडे."

मी म्हटलं, हायवेला लागून घर, ट्रकांनी भिंती थरथरत असतील. कानशीने बैठक सारखी केली, काचेवर ठेवून दाखवली, डुलत नव्हती. महिन्याने पुन्हा आल्या. या खेपेला हसत नव्हत्या. "घरातली जड भांडी काढून बघितली, पंखा बंद ठेवला. सासूबाई म्हणतात, ती निघायला बघते." मी पुन्हा बैठक घासली. रात्री मला झोप लागली नाही. माझा स्वभावच घाबरट, गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी मी.

मार्चात त्यांच्या सासूबाई गेल्या. एप्रिल संपता संपता वैशालीताई तिसऱ्यांदा आल्या. टाक काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच चार दिवस. मला घरात एकटीला भीती वाटते. मी सुपारी ठेवलीये."

त्या गेल्यावर मी टाक हातात घेतला. ऊन बोळात उभं होतं, नाना बँकेत गेले होते. म्हटलं, बैठक किती वेळा घासायची, मागची लाखच सुटली असेल. टाक उलटा केला.

मागे काळपट डाख होता.

पहिला विचार देवीचा नाही आला, लाज वाटते पण खरं तेच लिहिते. पहिला विचार आला, माझी जागा गेली. दुसरा आला सरूबाईंच्या लेकीचा. तिची बोटं मी छिन्नीने पुसून टाकली होती. देवाच्या जागी सुपारी ठेवता येते, पण त्या बोटांच्या जागी काय ठेवणार?

आणि तिसरा विचार जो आला, तो मी चार वर्षं दारं लावून बाहेर ठेवला होता.

आमच्या ह्यांना नेलं ते प्लास्टिकात गुंडाळून. तोंड बघायला मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी अस्थींचं मडकं घ्यायला गेले. मडक्यावर खडूने इंग्रजी आकडा. तीन होता की आठ, खडू पुसट झाला होता. तिथल्या माणसाने विचारलं, "हेच ना?" माझा कागद घामाने भिजलेला. मागे रांग, रांगेत कोणीतरी खोकत होतं. मी म्हटलं, "हो." मडकं उचललं आणि नदीवर गेले. त्या दिवसापासून घरी मी देवापुढे दिवा लावला नव्हता. दिवसभर लोकांचे देव उजळायचे आणि घरच्या देव्हाऱ्यावर टॉवेल टाकलेला. कोणाला सांगणार? मी कोणाला तरी नदीत सोडलं होतं, आणि माझ्या माणसाला कोणी सोडलं, सोडलं की नाही, मला माहीत नव्हतं. आता तेच मी दोन घरांच्या देवांचंही केलं होतं.

आठ दिवस मी गप्प बसले. टाक माझ्या समोरच्या फळीवर, तोंड भिंतीकडे. रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी तिकडे बघायची. सातही दिवस भिंतीकडेच होता. आठव्या दिवशी दाराकडे होता. नाना माझ्यासोबतच आत आले होते, दुकानात रात्री कोणी नसतं. मी नानांना सगळं सांगून टाकलं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी, एवढं आठ दिवस पोटात ठेवलंत? दादा असता तर तुम्हाला आधी रागवला असता, मग मला." मग फोन उचलून त्यांनी वैशालीताईंना बोलावून घेतलं.

वैशालीताई उभ्यानेच ऐकत होत्या. "म्हणजे सात महिने आम्ही दुसऱ्यांची देवी पूजली? आणि सासूबाई गेल्या त्या..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. ते न बोललेलं माझ्या अंगावर अजून आहे. "माझी देवी आणून द्या. मला बाकी काही नको. सासूबाईंनी जाताना हिचं तोंड चाचपलं होतं, म्हणाल्या, ही आपली नव्हे. मी म्हटलं, भ्रम झालाय."

नाना गाडी करून देतो म्हणाले. मी म्हटलं, नको, माझं मी जाते. टाक फडक्यात बांधून पोटाशी घेतला आणि चांदवडची एस.टी. धरली. मे महिन्याची दुपार. खिडकीतून भट्टीसारखा वारा. फडक्यातली चांदी मात्र गार होती. पूर्ण वाटेत ती तापलीच नाही, माझा घाम लागूनसुद्धा.

स्टँडपासून विचारत विचारत गेले. गावाबाहेर कांद्याच्या चाळीला लागून दोन खोल्या. सरूबाई ओट्यावर कांदे निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. माझ्या पोटाशी धरलेल्या फडक्याकडे बघितलं.

"आनली का?"

मी विचारलं, "तुम्हाला... माहीत होतं?"

"हाताला कळतंय बाई. पहिल्याच दिवशी पाठीवरनं हात फिरवला, डाख नव्हता."

"मग आला का नाहीत? फोन करायचा. नानांचा नंबर होता की फडक्यावर."

"बस आधी. पानी पी." त्यांनी तांब्या पुढे केला. "येनारच व्हते. पिशवी बी भरली व्हती. पन निघताना हिच्याकडं बघितलं. ही सारखी फिरायची. भिंतीकडं तोंड करायची. म्हनलं, हिला करमत नाय. मानूस नवीन घरात करमत नाय म्हनून भिंतीकडं तोंड करून झोपतंय तसं. मग मी हिला उचललं, ओट्यावर आनलं, गाव दाखवलं. ती विहीर, ती शाळा, तो माझा दीर, लय भांडतो. म्हनलं, तू पाहुनी हायेस. तुझी मानसं येतील तवर ऱ्हा. दुसऱ्या दिसापासनं फिरली नाय."

माझ्या अंगावर काटा आला. मेच्या उन्हात.

"आन् मग मला वाटाया लागलं," त्या कांदा चोळत म्हणाल्या, "मी हिला एवढी जपते, तर माझी बी कुनीतरी जपतच असंल की. लेक गेली तवापासनं पंधरा वर्सं मी देवाला शिव्या दिल्या. पूजा करायची आन् शिव्या द्यायची. हिसकून नेली म्हनून. ही दुसऱ्याची देवी घरात आली, तवा पहिल्यांदा वाटलं का हिसकून कुठं, कुनाच्या तरी घरातच नेली असंल. ज्याच्या घरात गेली तो जपतोय."

त्यांनी हात पुढे केला. मी फडकं सोडलं. आता त्या तोंड बघणार होत्या. मी आधीच बोलून टाकलं, "मावशी, मी तोंड उठवलंय. माझ्या हातून झालं. तुमच्या लेकीची बोटं गेली."

त्यांनी अंगठा देवीच्या कपाळावर ठेवला, खाली आणला. नाकाशी थांबला. पुन्हा फिरवला. घरामागे कुठेतरी शेळी ओरडत होती. एवढा वेळ मी आयुष्यात कशाची वाट बघितली नसेल.

"टोचतंय," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "लय उंच काढलंस गं नाक. आता हे घासून सपाट व्हायला चाळीस वर्सं. म्हंजे तवर मरायची बी सोय नाय ठेवली तू."

आणि त्या हसल्या. मला हुंदकाच आला. रडता रडता मी मडक्याचं सांगितलं. तीन की आठ. पहिल्यांदाच कोणाला तरी. त्या कांदे निवडायचं थांबल्या नाहीत.

"जे नेलंस ते नीट सोडलंस का? का दिलं टाकून?"

"नीट सोडलं. त्यांच्याच नावाने. फार रडले."

"मग त्याचं झालं. जो कुनी व्हता त्याच्यासाठी रडायला तू व्हतीस. तुझ्याला बी कुनी तसंच रडत सोडलं असंल. दुसऱ्याच्या नावानं का व्हईना. देवाला नावं वाचता येत न्हाईत का?"

निघताना त्यांनी सिडकोची देवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. मग खण, नारळ, मूठभर तांदूळ घेऊन आल्या. पाहुणी सासरी निघाली म्हणून तिची ओटी भरायची होती. माझ्या पदराशी आल्या तशी मी मागे सरकले. "मावशी, मला चालत नाही."

"तुला कोन भरतंय? तिची भरते. पन ती तुझ्या मांडीवर हाय, मग पदर कुनाचा धरू? धर सरळ."

मी पदर धरला. चार वर्षांत पहिल्यांदा.

वैशालीताईंना देवी दिली तेव्हा त्यांनी आधी तिच्या गुळगुळीत तोंडावरून हात फिरवला, मग ओटीतला खण बघितला. "हे कोणी दिलं?" मी सांगितलं. माझ्यावरचा राग गेला असं म्हणणार नाही, पण त्यांनी विचारलं, "त्यांच्याकडे फोन आहे का?" तोंड उठवायचं मात्र पुन्हा कधी काढलं नाही. आठवड्याने नानांना त्यांचा फोन आला, देवी जागची हललेली नाही.

नानांनी मला काढलं नाही. आता टाक वाटीत ठेवताना पाठीकडूनही बघायचं, एवढंच म्हणाले. घरच्या देव्हाऱ्यावरचा टॉवेल काढायला मला श्रावण उजाडला. देवावरचा विश्वास बसतो म्हणतात, तो बसत नाही, दबकत दबकत येतो आणि पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतो. मला असं कळलंय.

यंदा पितृपक्षात मी गच्चीवर दोन पानं वाढली. एक आमच्या ह्यांचं, आळूची भाजी आणि त्यांच्या आवडीची कढी. दुसरं त्याचं किंवा तिचं, ज्याला मी नदीत सोडलं. नाव माहीत नाही, आवड माहीत नाही. सगळं थोडं थोडं वाढलं, आणि म्हटलं, "गोड मानून घ्या, तुमच्या घरचं नसलं तरी."

दोन मिनिटं झाली नसतील, एक कावळा उतरला. सरळ त्या बिननावाच्या पानाकडे गेला. भात खाल्ला, वडा उचलला, आणखी दोघांना हाक मारली. तिघांनी मिळून पान चाटूनपुसून साफ केलं. ह्यांच्या पानाला कोणी शिवलं नाही. मी ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबले. नेहमीसारखं मनात आलं, काय राहिलं, काय चुकलं. कढीवर साय धरली तरी कावळा काही येईना. मग एकदम वाटलं, भूक नसेल. दुसऱ्या कुठल्या तरी गच्चीवर, दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने, हे आधीच पोटभर जेवून आले असतील.

मी त्यांचं पान उचललं आणि तिथेच पायऱ्यांवर बसून जेवले.